तपासकाकांच्या मृत्यूची चौकशी

१. खिडकीवरची बातमी

तपासकाका वारले, ही बातमी तपासकाकांना डोळ्यांच्या इस्पितळाच्या खिडकीवर कळली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पक्की करायला ते आले होते. सोबत काकू होत्या. काकूंच्या हातात पाण्याची बाटली होती आणि चेहऱ्यावर 'लवकर आटपा' असा भाव होता. खिडकीमागच्या बाईंनी नाव आणि जन्मतारीख टाइप केली, पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला.

"आपण पेशंटचे कोण?"

"मीच पेशंट."

"नाही, म्हणजे... इथे पेशंट मृत दाखवतोय."

काकांनी सारी नोकरी विमा कंपनीत काढली होती. काम एकच. कोणी मेल्याचा दावा आला की जाऊन बघायचं, माणूस खरंच मेला आहे की नाही. कागदावर मेलेली कितीतरी माणसं त्यांनी धडधाकट शोधून काढली होती. एकाला तर सासुरवाडीच्या माळ्यावर पत्ते खेळताना पकडलं होतं, आणि तो जिंकत होता. तिथूनच तपासकाका हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. तेव्हा मेलेला माणूस जिवंत सापडणं त्यांना नवं नव्हतं. तो माणूस आपणच असणं नवं होतं.

काकूंनी पर्समधून फोन काढला. त्यावरच्या एका अ‍ॅपमध्ये त्या काकांची तब्येत रोजच्या रोज लिहीत.

"हे बघा. आज सकाळचं ब्लडप्रेशर. मी स्वतः घेतलंय. काल लपून खाल्लेली बिस्किटंसुद्धा लिहिली आहेत."

"काकू, ते तुमचं तुम्ही लिहिता," बाई म्हणाल्या. "मला ते दिसतंय. पण आम्ही ते धरत नाही."

"आणि हे समोर उभे आहेत ते?"

"त्यांना मी धरते हो. सॉफ्टवेअर धरत नाही. मृत पेशंटला ऑपरेशनची तारीख देता येत नाही."

काका खिडकीकडे वाकले. नोकरीत असताना साक्षीदाराशी बोलायचा जो आवाज होता, तो आपोआप लागला.

"मला मारलं कोणी, ते कळेल का?"

बाईंनी माउस फिरवला. "आमच्याकडची नोंद नाही ही. आमचं सॉफ्टवेअर सामायिक आहे, सगळ्या दवाखान्यांचं एकत्र. ही नोंद तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून आली आहे."

२. स्टुलावरची मुलगी

फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि घर वर. बाहेरच्या खोलीत वजनकाटा, माशांची टाकी आणि पुढचं टेबल. टेबलामागे कॉम्प्युटर आणि एका साध्या स्टुलावर बसलेली रिसेप्शनिस्ट मुलगी. तिच्या मागे भिंतीला टेकून एक चांगली, गादीवाली खुर्ची रिकामीच ठेवलेली. ती ताईंची. ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. कित्येक वर्षं पुढचं टेबल त्यांनी सांभाळलं आणि काही महिन्यांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ते या मुलीकडे सोपवून त्या वरच्या गच्चीतल्या कुंड्यांकडे वळल्या. खुर्ची मात्र कोणी वापरायची नाही, असा न बोललेला नियम होता.

काकांनी आल्या आल्या आवाज चढवला. आपण मेलो ही बातमी माणसाला शांतपणे सांगता येत नाही. वजनकाट्यावर उभा असलेला पेशंट तसाच उभा राहिला. डॉक्टर आतून धावत आले, हकीगत ऐकली आणि सरळ मुलीकडे वळले.

"पुन्हा?"

मुलगी उभी राहिली. "सर, मी नाही केलं."

"बेकरीवाल्याच्या वेळीही हेच म्हणालीस. पोहायला शिकवणाऱ्या बाईंच्या वेळीही." डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. "काका, तुम्ही तिसरे. तीन धडधाकट माणसं मेलेली. आणि जे खरोखर गेले, त्या चित्रकलेच्या बाईंचे यजमान, ते सॉफ्टवेअरमध्ये जिवंत. हिने त्यांना तपासणीला बोलवायला फोन केला. जिवंतांना मारायचं आणि मेलेल्याला बोलवायचं, याला निष्काळजीपणा नाही तर काय म्हणायचं?"

"तुम्ही मला तपासायचात तेव्हा पडद्यावर दिसलं नाही का हो, मी मेलोय ते?" काकांनी विचारलं.

"माझ्या पडद्यावर आजार आणि औषध. नाव, फोन, बाकीचं सगळं पुढच्या टेबलाचं काम. जुन्यात तसंच होतं. नवीन सामायिक सॉफ्टवेअर आत्ता आलं, आणि त्यानंतर तुम्ही आलाच नाहीत."

"मग आता दुरुस्त करा."

डॉक्टरांनी पडदा वळवून दाखवला. मेलेल्याला जिवंत करायची सोय होती, पण त्याआधी दोन रकाने भरायचे होते. चुकीची नोंद कोणी केली, आणि का.

"उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. हिचं नाव लिहितो, म्हणजे तुमचं ऑपरेशन मार्गी लागेल."

मुलगी रडली नाही. तिने टेबलावरचं पेन उचलून पेनांच्या डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "लिहा सर. पण इथे नाव लागलं की मला या सॉफ्टवेअरला हात लावू देत नाहीत. आता सगळीकडे हेच आहे. मग मला कुठल्याच दवाखान्यात काम मिळणार नाही."

काकांना आपला मघाचा चढलेला आवाज आठवला आणि तो परत घेता आला तर बरं, असं वाटलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मेलेला मी आहे. घाई मला असायला हवी. मला नाहीये. उद्या संध्याकाळपर्यंत काही लिहू नका."

"काका, तुम्ही काय करणार?"

"मेलेल्यांची चौकशी," काका म्हणाले. "दुसरं मला येतंय काय?"

३. भट्टी लागलेली असताना

पहिली भेट सॉफ्टवेअरवाल्याची. जुन्या सॉफ्टवेअरमधली सगळी माहिती नव्यात आणण्याचं काम त्यानेच केलं होतं. दुकानात तो एका प्रिंटरचं पोट उघडून बसला होता.

"मी ओतलं, काका. पाण्यासारखं. यातलं त्यात. जुन्यात जितके मेलेले होते, तितकेच नव्यात आले. ते मोजून घ्यावंच लागतं. एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

"म्हणजे मी जुन्यातच मेलो होतो?"

"असणार. पण ते आता बघता येणार नाही. जुना कॉम्प्युटर पुसून भंगारात दिला. पेशंटची माहिती कोणाच्या हाती पडू नये म्हणून पुसावाच लागतो."

काकांनी मान हलवली. खुनाची जागा कळली होती आणि ती जागाच आता उरली नव्हती.

"मुलगी जुन्यावरही काम करायची?"

"करायची की. काही महिने. मग हे नवीन आलं."

म्हणजे मुलगी सुटली नव्हती. काकांनी प्रिंटरशेजारचं स्टूल ओढलं. "मला एक सांग. हे जुनं आणि नवं म्हणजे नेमका फरक काय? माझ्या बायकोच्या फोनमध्ये मी ठणठणीत, आणि इस्पितळात मेलेलो. हे कसं?"

सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रश्न आवडला. त्याने पेचकस खाली ठेवला.

"तीन जाती आहेत काका. पहिली, एका दवाखान्याची. आतलं आत. बाहेरच्या कोणाला दिसत नाही, बाहेरचं आत येत नाही. डॉक्टरांचं जुनं होतं ते हे. दुसरी, सामायिक. दवाखाना, लॅब, इस्पितळ, औषधाचं दुकान, सगळे एकाच पानावर लिहितात आणि सगळे तेच वाचतात. आणि तिसरी पेशंटच्या हातातली. काकूंच्या फोनवर आहे ती. तुम्ही लिहाल ते तिथे खरं, पण तुमच्यापुरतं."

"म्हणजे घरातलं बोलणं, चारचौघांतलं बोलणं आणि स्वतःशी बोलणं."

"हे मी जाहिरातीत घेऊ का?"

"घे. आणि ते जुनं काय काय करायचं?"

"काही नाही हो. अगदी बाळबोध. आजार, औषध, फोन नंबर. आणि दर तीन महिन्यांनी सगळ्यांना आपोआप मेसेज, तपासणीला या म्हणून. याला पाठव, त्याला नको, असले लाड त्यात नव्हते. नव्यात सगळं आहे."

तिथून काका बेकरीत गेले. भट्टी लागलेली होती. पावांचे ट्रे आत जात होते आणि बेकरीवाला लांब दांड्याच्या फावड्याने ते सरकवता सरकवता बोलत होता. घामाने निथळत होता, आणि मेलेल्या माणसाच्या मानाने फारच खुशीत होता.

"या, या. तुम्हीही गेलात म्हणे. मी गेल्यापासून गिऱ्हाईक वाढलंय. बघायला येतात आणि बघितल्यावर काहीतरी घ्यावंच लागतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लॅबमध्ये. तो पोरगा सुई धरून उभा, आणि म्हणतो, तुमचं रक्त घेता येत नाही, तुम्ही वारलात. मी म्हटलं, टोचून तर बघ, येतंय का."

काका हसले. मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. दवाखान्याशी भांडण? नाही. त्या मुलीशी? छे, भली पोर आहे, लोणी न लावता पाव नेते. डॉक्टरांवर राग?

"डॉक्टर सोन्यासारखा माणूस. मुख्य म्हणजे कटकट नाही. माझ्या भावाचा डॉक्टर सारखे मेसेज पाठवतो, शुगर तपासा, वजन तपासा. हाही पाठवायचा पूर्वी. मी नवी भट्टी बसवली त्या वर्षी फोन करून असा झापला, असा झापला, की चिडीचूप."

"मीही झापलं होतं," काका अभिमानाने म्हणाले. "निवृत्त झालो तेव्हा. घरी बसलेल्या माणसाला कोणीही आठवण करून देतं. मी फोनवर दोन शब्द असे सुनावले की पुन्हा हिंमत झाली नाही त्यांची."

"ठणकावून सांगता आलं पाहिजे."

"आलंच पाहिजे."

दोन मेलेल्या माणसांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं आणि नुकत्याच निघालेल्या ट्रेमधलं एक एक बिस्किट खाल्लं. काकांनी हनुवटीवरचा भुगा पुसला. काकूंच्या अ‍ॅपमध्ये हे जायला नको होतं.

बाहेर पडताना मात्र त्यांना चुटपुट लागली. दुपार कलली होती आणि हाती काही लागलं नव्हतं. तीन मेलेल्यांत काही साम्य दिसेना. एक विमावाला, एक बेकरीवाला, एक पोहायला शिकवणाऱ्या बाई. वेगळं वय, वेगळे आजार. त्या बाई दिवसभर तलावावर असत; आज भेटण्यासारखा एकच साक्षीदार उरला होता, आणि तो खरोखरच मेला होता.

४. उलट उत्तर न देणारा नवरा

चित्रकलेच्या बाईंच्या खोलीत खिडकीच्या कठड्यावर ब्रश वाळत ठेवलेले होते. भिंतीवर विद्यार्थ्यांनी काढलेली सफरचंदं होती, काही गोल, काही अगदीच बटाट्यासारखी. बाईंनी काकांना बसवलं आणि चौकशीचं कारण कळताच मनापासून हसल्या.

"म्हणजे आमच्या यांनी तुमची जागा घेतली म्हणायची."

"त्यांना जाऊन किती काळ झाला?"

"तीन वर्षं होतील."

"दवाखान्यात ठाऊक होतं?"

"डॉक्टर शेवटपर्यंत इथेच, या खुर्चीत बसून होते. सगळ्यांना ठाऊक होतं."

काकांची पाठ सरळ झाली. म्हणजे विसर नव्हता. ठाऊक असून कोणीतरी त्या माणसाला जिवंत ठेवला होता.

बाईंनी यजमानांचा फोन पुढे केला. मेसेजची रांग होती, सगळे एकसारखे. 'आपली तपासणी बाकी आहे. काळजी घ्या.' एकही पुसलेला नव्हता.

"त्यांना 'काळजी घ्या' म्हटलेलं मुळीच खपायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं की भांडण. आता दर तीन महिन्यांनी दवाखाना त्यांना म्हणतो, काळजी घ्या, आणि त्यांना उलट उत्तर देता येत नाही. मला बरं वाटतं. ते गेल्यावर कळवायला फोन केला तेव्हा तिकडून म्हणाल्या, बंद करते हं. मी म्हटलं, नको, येऊ देत."

"तिकडून कोण होतं?"

"आवाज बाईचा होता. मी त्या वेळी काही नीट ऐकण्याच्या स्थितीत नव्हते हो."

काका दारापर्यंत आले आणि थांबले. "एक विचारू? परवा दवाखान्यातून त्या मुलीने तपासणीसाठी फोन केला, तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं का?"

"मुळीच नाही. तीच बिचारी इतकी ओशाळली. दुसऱ्या दिवशी इथे येऊन गेली, माफी मागायला. जाताना ब्रश धुऊन गेली."

काका घरी आले ते गप्प गप्पच. जेवताना काकूंनी दोनदा विचारलं, भाजी बरी आहे ना, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "मुलीने केलेलं नाही." काकू म्हणाल्या, "भाजी मीच केली आहे," आणि विषय संपला.

५. खारट चहा

सकाळी काकू बागेत फिरायला गेल्या, तेव्हा काकांनी स्वतःचा चहा स्वतः केला. यात धाडस होतं. काकूंनी साखर बंद केल्यापासून त्यांच्या हातचा चहा गरम पाण्याला लाज आणणारा असे. काकांनी फळीवरचा 'साखर' लिहिलेला डबा काढला, दोन चमचे टाकले, विचार करून तिसरा टाकला, आणि पहिला घोट घेतला.

काकू परत आल्या तेव्हा ते मोरीपाशी चूळ भरत होते.

"सापडलात," काकू चपला काढत म्हणाल्या.

"अगं, साखरेच्या डब्यात मीठ आहे."

"मग? कालच घातलंय. बेकरीत बिस्किट खाल्लंत, शर्टावर भुगा होता."

"डब्यावर साखर लिहिलंय."

"माझं स्वयंपाकघर आहे. मला ठाऊक आहे कशात काय आहे. डब्यावरचं कोण वाचतंय? चोर."

"आणि उद्या तुझी बहीण आली, तिने चहा केला म्हणजे?"

"तिला आधी सांगेन ना. न सांगता कोणी दुसरीच्या हाती स्वयंपाकघर देतं का?"

काका पेला हातात धरून उभे राहिले. एकदा फळीकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो सासुरवाडीच्या माळ्यावर पत्त्यांचा आवाज ऐकताना आला होता.

"तू माझा खून उलगडलास."

"आधी तो चहा ओतून टाका."

काकांनी चहा ओतला आणि फोन उचलला. पोहायला शिकवणाऱ्या बाई तलावाच्या काठावरच होत्या, मागे पाण्याचा आणि शिट्टीचा आवाज येत होता. काकांना एकच प्रश्न विचारायचा होता.

"दवाखान्याचे मेसेज येतात का तुम्हाला?"

"छे. कधीच बंद करायला लावले. का?"

"सहज," काका म्हणाले. "तुम्ही पोहत राहा."

६. दोन रकाने

संध्याकाळी दवाखान्यातले पेशंट संपले, तेव्हा पुढच्या टेबलाभोवती माणसं जमली. डॉक्टर, मुलगी, काकू, आणि काकांनी मुद्दाम निरोप पाठवून बोलावलेला सॉफ्टवेअरवाला. काकांच्या आग्रहाखातर ताईही जिना उतरून आल्या. हाताला माती होती.

"डॉक्टर, रिकाम्या रकान्यात नाव लिहिण्याआधी पाच मिनिटं ऐका," काका म्हणाले. "काल दिवसभर मी शोधत होतो की आम्हा तीन मेलेल्यांचा शत्रू कोण. चुकलो. मला शोधायला हवं होतं की आम्हा तिघांत असं काय आहे, जे त्या चौथ्यात नाही. चौथा म्हणजे खरोखर गेलेला, पण तुमच्याकडे जिवंत असलेला."

"काय आहे?"

"आम्हाला मेसेज येत नाहीत. त्याला येतात."

सॉफ्टवेअरवाला पुढे सरकला.

"काल हा मला म्हणाला, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकाचे मेसेज बंद करायची सोयच नव्हती. सगळ्यांना आपोआप जायचे. पण मी झापल्यावर माझे बंद झाले. बेकरीवाल्याचे झाले, पोहण्याच्या बाईंचेही झाले. सोय नव्हती तर कसे बंद झाले? सांग रे, त्या जुन्यात मेसेज कोणाला जात नसे?"

सॉफ्टवेअरवाल्याने कपाळावर हात मारला. "मेलेल्याला."

"मेलेल्याला. तेव्हा पुढच्या टेबलावर जो कोणी होता, त्याच्यापुढे शिव्या देणारा पेशंट होता आणि एकच बटण होतं. ते दाबलं. मेसेज गप्प झाले, पेशंटही खूश. आणि चित्रकलेच्या बाईंनी जेव्हा सांगितलं की मेसेज येऊ देत, तेव्हा तेच बटण दाबायचं राहू दिलं. या दवाखान्यात त्या खुणेचा अर्थ 'मेला' असा नव्हताच. अर्थ होता, 'याला मेसेज नको'. घरातल्या घरात त्याने कोणाचं काही बिघडत नव्हतं. आमच्या घरी साखरेच्या डब्यात मीठ आहे, आणि ते आमच्या बायकोला ठाऊक आहे."

"आता सगळ्यांना झालं," काकू म्हणाल्या.

"मग नवीन सॉफ्टवेअर आलं. आतलं दप्तर उचलून चारचौघांत मांडलं गेलं. इस्पितळाने आणि लॅबने डब्यावरचं वाचलं आणि खरं मानलं. त्यांचं काय चुकलं?"

"हे सगळं ठीक आहे," डॉक्टर हळू म्हणाले. "पण हिनेच केलं नसेल कशावरून? हीही जुन्यावर बसायची."

"काही महिने. माझे मेसेज मी निवृत्त झालो तेव्हा बंद झाले. बेकरीवाल्याचे त्याने भट्टी बसवली त्या वर्षी. चित्रकलेच्या बाईंचा फोन तीन वर्षांपूर्वीचा. तेव्हा ही मुलगी या दवाखान्यात नव्हती. आणि तुम्ही पुढच्या टेबलाला हात लावत नाही, हे तुमचंच म्हणणं."

कोणीही ताईंकडे पाहिलं नाही, आणि म्हणूनच सगळे त्यांच्याकडे पाहत आहेत असं झालं. ताईंनी हाताची माती रुमालाला पुसली.

"मग काय करायचं होतं मी?" त्या म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी फोनवर बोलणी खायची कोणी? एक दिवस एक पेशंट खरोखर गेले, त्यांची खूण केली, आणि पाहिलं तर त्यांचे मेसेज बंद. म्हटलं, बरं सापडलं. मग जो ओरडेल, तो गेला."

"ताई, तू मला सांगितलं नाहीस?" डॉक्टरांचा आवाज आठवीतल्या मुलासारखा झाला होता.

"तू विचारलंस कधी? तुझ्या पडद्यावर आजार आणि औषध." मग त्या मुलीकडे वळल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "हिला मात्र सांगायला हवं होतं. टेबल दिलं, बटणं दाखवली, आणि हेच राहिलं. माझ्या लक्षातच नव्हतं की ते सांगण्यासारखं काही आहे. इतकी सवय झाली होती."

"पण ताई, एक माझं कोडं राहिलं," काका म्हणाले. "इतके जण ओरडले असतील. काहींना तुम्ही नुसतं समजावलं असेल. मला एका फोनमध्ये मारलंत? मी असं बोललो तरी काय?"

ताईंनी क्षणभर त्यांना न्याहाळलं.

"आठवत नाही तुम्हाला? तुम्ही म्हणालात, 'बाई, मी मेलो असं समजा, पण तुमचे मेसेज बंद करा.' मी समजले."

सगळ्यात आधी हसली ती मुलगी. दोन दिवसांचं दाबून ठेवलेलं हसू होतं ते, आवरेना. मग काकू, मग सॉफ्टवेअरवाला, आणि शेवटी डॉक्टर, चष्मा काढून. काका उभे होते. नोकरीच्या साऱ्या वर्षांत मेलेल्याने स्वतःच आपल्या मृत्यूची खबर दिल्याची त्यांची ही पहिलीच केस होती.

डॉक्टरांनी कीबोर्ड ओढला. 'नोंद कोणी केली' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ताई काही म्हणायला गेल्या तर ते म्हणाले, "दवाखाना माझा आहे, ताई." 'का' या रकान्यात लिहिलं, 'दवाखान्याची जुनी पद्धत. नव्यात आणताना सांगायची राहिली.' मग मुलीकडे न बघता म्हणाले, "बाकीच्यांनाही उद्या एक एक करून जिवंत करायचं आहे. ते काम तूच कर. तुझ्याइतकं जपून दुसरं कोणी करणार नाही."

माफी मागायची ही त्यांची पद्धत असावी. ताईंची वेगळी होती. त्यांनी भिंतीची गादीवाली खुर्ची ओढत टेबलामागे आणली, स्टूल पायाने बाजूला सारलं आणि मुलीला म्हणाल्या, "बस."

मुलगी बसली. खुर्ची मोठी होती, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. ताईंनी खालची कळ दाबली, खुर्ची हुश्श करून खाली आली.

"आणि चित्रकलेच्या बाईंचे यजमान?" मुलीने विचारलं. "त्यांची खरी खूण करावी लागेल. म्हणजे मेसेज बंद होणार."

"होऊ दे," ताई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी मी जाईन त्यांच्याकडे. नाहीतरी वर कुंड्या माझ्याशी बोलत नाहीत. जाऊन म्हणेन, काळजी घ्या."

मुलीने काकांचं पान उघडलं, खूण काढली आणि काका जिवंत झाले. खालीच एक वेगळं बटण होतं, नव्या सॉफ्टवेअरचे लाड. "काका, तुमचे मेसेज बंदच ठेवू ना?"

काकांना गेले दोन दिवस आठवले. खिडकीतला तो एकदम मऊ झालेला आवाज, फोनमधली न पुसलेली मेसेजची रांग.

"राहू दे चालू," ते म्हणाले.

ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर पट्टी बांधून काका घरी पलंगावर पडले होते आणि काकू अ‍ॅपमध्ये दिवसाचा हिशेब लिहीत होत्या, तेव्हा शेजारी ठेवलेला काकांचा फोन वाजला.

"दवाखान्याचा मेसेज आहे," काकू म्हणाल्या. "आपली तपासणी बाकी आहे. काळजी घ्या."

काका काही बोलले नाहीत. काकूंना वाटलं, झोप लागली.

"पुन्हा एकदा वाच," पट्टीखालून आवाज आला.